कोलशेत रोडवरची नर्सरी: टोमॅटोचं बूड काळं का पडत होतं

मी ठाण्यातच नर्स आहे. सकाळ, दुपार, रात्र अशा फिरत्या पाळ्या. मानपाड्याला सातव्या मजल्यावर आमची पूर्वेची बाल्कनी, तिथे ऑक्टोबरात दोन कुंड्यांत टोमॅटो लावले होते. डिसेंबरअखेर फळं लिंबाएवढी झाली आणि एकेकाचं बूड काळं पडायला लागलं. देठाकडे हिरवंगार, खाली मात्र रुपयाएवढा तपकिरी-काळा डाग, आत दबलेला, हाताला चामड्यासारखा. पहिल्या घोसातल्या पाच फळांपैकी चार अशीच गेली. कॅल्शियमची बाटली ऑनलाइन मागवून फवारली, अंड्यांची टरफलं कुटून मातीत घातली. तीन आठवडे गेले, फरक शून्य.

जानेवारीत एका सकाळी नाइट ड्यूटी संपवून परस्पर कोलशेत रोडच्या या नर्सरीत गेले. आदल्या संध्याकाळी तोडलेलं फळ डब्यात घेतलंच होतं. हिरव्या जाळीचं छप्पर, पुढे जास्वंदीच्या पिशव्या, मागे खताची पोती. पाटीवरचं नाव उन्हाने पार पुसलंय. तिथल्या काकांनी फळ अंगठ्याने दाबून पाहिलं, चाकूने उभं कापलं आणि म्हणाले, "हा रोग नाही, ताई. कुंडी केवढी? पाणी कोण घालतं? रोज एकाच वेळेला?"

तिसऱ्या प्रश्नाला मी अडले. रात्रपाळीच्या आठवड्यात मी नऊला घरी येऊन झोपते. चारला उठेपर्यंत पानं मान टाकून बसलेली असतात. मग मी घाबरून दोन-तीन तांबे ओतते, पार थाळीतून वाहीपर्यंत.

काकांनी समजावलं ते असं. कॅल्शियम फळापर्यंत पाण्याबरोबरच पोचतं. त्यातही पानं जास्त पाणी ओढतात, फळाच्या वाट्याला कमी येतं, आणि बुडाकडचा भाग सगळ्यात शेवटी. माती एकदा कोरडी ठक्क, एकदा चिखल अशी झाली की हा पुरवठा तुटतो आणि तिथला गर मरतो. मातीत कॅल्शियम असूनही हे होतं. पानांवर फवारलेलं फळात उतरत नाही, आणि टरफलं विरघळायला महिने लागतात. मागच्या फळीवर औषधांच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या, त्यातली एकही त्यांनी काढली नाही. नारळाच्या सोडणांचे तुकडे दिले, चाळीस रुपयांचे, मातीवर दोन इंच पसरायला. बोट दोन पेरं आत घालून ओल बघायची आणि मगच पाणी, तेही सकाळी. रात्रपाळीच्या आठवड्यात आता सातला आमचे हे पाणी घालतात. काळी झालेली फळं सुधारत नाहीत, ती तोडून टाकली. फेब्रुवारीत तिसऱ्या घोसाला सहा फळं आली, सहाही बुडाशी स्वच्छ. पहिलं पिकलेलं आम्ही नुसतं मीठ लावून खाल्लं.

दुसऱ्या कुंडीतलं रोप मात्र गेलं. त्याची शेंड्याकडची पानं वाटीसारखी आत वळून बारीक राहिली होती. फांदी बघून काकांनी स्पष्टच सांगितलं, हा पर्णगुच्छ, विषाणूचा रोग, याला औषध नाही, आजच उपटा. पांढरी माशी तो पसरवते. घरी येऊन पान हलवलं तर खालून पांढरी धूळ उडावी तशा माश्या उठल्या. उरलेल्या रोपाला त्यांच्याकडचे पिवळे चिकट कागद शेंड्याच्या उंचीला टांगले. लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि भांड्यांच्या साबणाचे दोन-चार थेंब, असं आठवड्याने एकदा, ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारते. कागदाला फक्त उडणाऱ्या माश्या चिकटतात, पिल्लं पानालाच राहतात. म्हणून दोन्ही लागतं.

तक्रारीही आहेत. रोपांना वाणाचं नाव लावलेलं नसतं. टोमॅटोचं रोप बुटकं राहणारं की वेलासारखं चढणारं, हे विचारलं तर "चांगलं आहे" एवढंच उत्तर. ऑक्टोबरातली माझी रोपं इथलीच होती. त्यातलं उरलेलं सहा फूट गेलं आणि तीन फुटांची काठी वाकली. घरात आणलेल्या रोपाबद्दल एवढं तरी कळायला हवं. तयार मातीच्या पोत्यात कोकोपीटच (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त, ओलं करून भरलेलं. त्यात शेणखत आणि लाल माती मी वेगळी मिसळते. आणि रविवारी जाऊ नका, गर्दीत काकांना मान वर करायला वेळ नसतो.

आठवड्यातल्या दिवशी, सकाळी दहाच्या आत जा. मोबाइलवरचा फोटो नको, फळ किंवा फांदीच न्या, पण पिशवीचं तोंड घट्ट बांधून. तिथे शेकडो निरोगी रोपं उघड्यावर मांडलेली असतात, आपल्याकडची पांढरी माशी त्यांच्यात सोडून यायची नाही.