दिवाणी दावा की रिट याचिका?
कर्तव्यावरील पोलिसाने गुन्हा केल्यास शासनाकडून भरपाई मागण्याचे दोन मार्ग इंदूरकरांपुढे असतात. जिल्हा न्यायालयातील दाव्यात साक्षीपुरावा सविस्तर होतो. पण १९६५ च्या कस्तुरीलाल निकालात, जप्त केलेले सोने मालखान्यातून हेड कॉन्स्टेबलनेच लंपास केले असतानाही, सार्वभौम कार्याच्या (म्हणजे केवळ राज्यसत्ताच करू शकते अशा कामाच्या) सबबीवर शासन सुटले, हे आजही खटकते. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली मूलभूत हक्कासाठी रिट याचिका केल्यास ही सबब चालत नाही. १९९३ मध्ये नीलाबती बेहेरा या आईचे पत्रच याचिका मानून, पोलीस कोठडीत जीव गेलेल्या मुलासाठी सर्वोच्च न्यायालयाने दीड लाख रुपये देवविले. वस्तुस्थितीच वादग्रस्त असेल तर मात्र खंडपीठ दाव्याकडे बोट दाखवू शकते. कोठडीतील मृत्यूत, माझ्या मते, आधी याचिकाच करावी आणि शवविच्छेदनाचा अहवाल व ठाण्यातील रोजनामच्याची नक्कल सोबत जोडावी.