क्विल 'ग्राइंड करून दिली' म्हणाला, निघाली नुसती पॉलिश पेपरने घासलेली

जरा लांबेल, पण ज्यांच्याकडे टरेट टाइप मिलिंग मशीन आहे आणि त्याची क्विल (टूल फिरवणारा स्पिंडल आत धरून हँडलने वरखाली होणारी नळी) जड चालायला लागलीये त्यांनी कुणालाही मशीनला हात लावू देण्याआधी हे वाचा. माझं मशीन ब्रिजपोर्टच्या धर्तीचं आहे, आर-८ टेपर (स्पिंडलमधलं टूल बसायचं निमुळतं भोक), क्विलचा प्रवास १२७ मिमी म्हणजे पाच इंच. जुनं आहे पण मी ते नीट सांभाळलंय, आणि म्हणूनच जे झालं ते अजून मनातून जात नाही.

झालं असं की काही महिन्यांपासून क्विल खाली आणताना हँडलला जोर द्यावा लागत होता, आणि हँडल सोडलं की आतली स्प्रिंग तिला पूर्वीसारखी वर ओढत नव्हती, मधेच थांबायची, मग हातानं वर न्यायची. ड्रिलिंग कसंबसं व्हायचं पण बोअरिंगला (भोक मोठं करायला) ऑटो फीड (क्विल आपोआप खाली सरकवणारा) लावला की क्लच सुटायचा. एक गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवी होती, की ज्या दिवशी क्विल लॉक करून फेसिंगचं (वरची बाजू सपाट करायचं) काम केलं त्यानंतर ती जास्त जड व्हायची. दिसत होतं पण डोक्यात शिरलं नाही.

ओळखीतून एक मेकॅनिक आला. आला, हँडल चार वेळा वरखाली केलं, कान लावून ऐकलं आणि दहा मिनिटात सांगून मोकळा झाला, "साहेब क्विल बेंड झालीये, हार्ड क्रोम करून ग्राइंड करावी लागेल, बेअरिंगचा सेट पण गेलाय." डायल (बारीक हालचाल सुईने दाखवणारं माप) लावला नाही, लॉक उघडून बघितला नाही, स्पिंडल हातानं फिरवून सुद्धा बघितला नाही. क्विल म्हणजे जाड भिंतीची हार्ड केलेली नळी असते, ती अशी सहजासहजी वाकत नाही, वाकलाच तर आतला स्पिंडल वाकतो, हे मला आज कळतंय. त्या दिवशी मशीन बंद होतं, कामं अडकली होती, आणि समोरचा माणूस इतक्या खात्रीनं बोलत होता की मी हो म्हणालो.

तो पूर्ण क्विल घेऊन गेला आणि नऊ दिवसांनी आणली. आरशासारखी चमकत होती. बसवली, हँडलला एक बोट लावलं तर खाली, सोडलं तर सुळकन वर. मी खूश. बिलात हार्ड क्रोम, ग्राइंडिंग, नवीन बेअरिंगची जोडी, सगळं लिहिलेलं, पूर्ण पैसे दिले. एकच गोष्ट खटकली होती, क्विलवरून चिकट दाट तेल ओघळत होतं, गिअर बॉक्सला घालतात तसलं. विचारलं तर म्हणाला सुरुवातीला असंच तेल लागतं. इथे सगळ्यांनी लक्षात घ्या, क्विलला पातळ स्पिंडल ऑइल लागतं, दाट तेल किंवा ग्रीस भरलं की क्विल आणि बोअर (मशीनच्या हेडमधलं क्विल सरकायचं भोक) यांच्यातली फट भरून निघते आणि हाताला सगळं मऊ, घट्ट आणि छान लागतं. दोन-तीन दिवसात तेल उतरलं की मग खरं काय ते समोर येतं.

माझ्याकडे आलंच. पहिल्याच बोअरिंगच्या कामात फिनिश लाटा लाटा, जॉबमधलं भोक तोंडाला मोठं. टूल बदलला, स्पीड कमी केला, टेबलचे गिब (ढिलेपणा काढायच्या पट्ट्या) बघितले, सगळं करून झालं. शेवटी क्विल १०० मिमी बाहेर काढून नाकावर डायल लावला आणि हातानं दाबून बघितलं तर सुई ०.०६ मिमी हलली. आधी याच मशीनवर असंच दाबलं तर मिमीचा जेमतेम एक शतांश हलायची. माणसाचा केस साधारण त्याच जाडीचा असतो, तेवढी क्विल बोअरमध्ये डुलत होती. आणि गंमत नाही, राग येईल अशी गोष्ट म्हणजे लॉक दोन-चार वेळा आवळून सोडल्यावर जडपणाही परत आला. म्हणजे मूळ रोग तसाच आणि वर नवीन प्ले, म्हणजे ढिलेपणा.

मग मी स्वतः क्विल काढली. टेबलावर दिव्याखाली धरून फिरवली आणि पोटात गोळा आला. ग्राइंड केलेल्या गोल जॉबवर रेघा गोल गोल जातात, बारीक आणि एकसारख्या. इथे आडव्या, तिरप्या, उभ्या, एकमेकांना कापणाऱ्या रेघा होत्या, पॉलिश पेपर हातात धरून मारल्यासारख्या. आणि खालच्या टोकापासून दोन बोटं वर एक चंद्रकोरीसारखी खूण आहे, फार पूर्वी पाना पडून झालेली, तिचा उठाव मी तेव्हाच ऑइल स्टोनने काढला होता. ती खूण तिथेच होती. कडा गुळगुळीत झालेल्या पण खूण तीच. क्रोम चढवून ग्राइंड केली असती तर ती दिसली असती का? मायक्रोमीटर लावला, वरच्या टोकाला ८५.७२ मिमी, म्हणजे मूळ तीन पूर्णांक तीन अष्टमांश इंचाला जुळणारं, मधे ८५.६८, आणि तिथेच नव्वद अंशात फिरवून ८५.६६. म्हणजे बारीकही केली आणि गोलाईही घालवली. बेअरिंगचं म्हणाल तर बेअरिंग धरणाऱ्या नटवर जुन्या पेंटचा पट्टा होता, नटवरून पुढे क्विलवर गेलेला, तो कुठेच तुटलेला नव्हता. नट उघडलाच नाही तर बेअरिंग बदललं कसं?

फोन केला. आधी म्हणाला जुन्या मशीनला एवढं चालतं. फोटो पाठवले तर म्हणाला तुमचा बोअरच झिजलाय. नटचा फोटो पाठवला त्यानंतर आजपर्यंत फोन उचललेला नाही.

आता खरा दोष काय होता ते सांगतो. क्विलचा लॉक असतो ना, त्याच्या बोल्टवर आत दोन तुकडे असतात, क्विलच्या गोलाईप्रमाणे कोरलेले, लॉक आवळला की ते एकमेकांकडे सरकतात आणि क्विलला धरतात, सोडला की मागे जायला पाहिजेत. माझ्याकडे वर्षानुवर्षं जोरात आवळून आवळून एका तुकड्याची कड दबून बाहेर आली होती. त्यावर नख फिरवलं तर नख अडकायचं, इतकी धारदार बर. त्या बरमुळे तुकडा भोकात अडकून राहायचा, मागे जायचाच नाही, आणि लॉक सोडलेला असूनही क्विलला घासत राहायचा. क्विलवर त्या जागेसमोर एक बारीक उभा चमकता पट्टाही होता, तो मात्र त्या माणसानं पॉलिश करून घालवला, म्हणजे पुरावाच पुसला. दोन्ही तुकडे काढून, बर ऑइल स्टोनने काढून, भोक रॉकेलने धुवून परत बसवले, अर्धा तास लागला असेल. जडपणा गेला तो गेलाच. माझं मशीन एवढ्याशा गोष्टीसाठी घासलं गेलं.

तुमची क्विल जड असेल तर आधी हे स्वतः करून बघा. मशीनची मेन पॉवर काढा. लॉक पूर्ण ढिला करा, आणि ढिला म्हणजे बोल्ट ढिला एवढंच नाही, तुकडे बाहेर काढून बघा. ऑटो फीड गुंतलेला नाही ना ते बघा. मग क्विल जिथे अडते तिथे थांबवून स्पिंडल हातानं हळूहळू फिरवा. फिरवताना एका जागी जड आणि एका जागी हलकं लागत असेल तर भानगड स्पिंडलची आहे, तो वाकलाय किंवा वरच्या स्प्लाइनच्या (खाचांच्या जोडाच्या) लाइनमध्ये नाही. फिरवून काहीच फरक पडत नसेल तर क्विल, बोअर, लॉक किंवा रॅक (क्विलवरची दातांची पट्टी) बघा. सकाळी थंड असताना छान चालते आणि वरच्या स्पीडवर तासभर चालवल्यावर टाइट होते असं असेल तर बेअरिंग गरम होतंय, क्विल फुगतीये, तिला घासून उपयोग नाही.

अजून कळलं नाही तर पिनियन शाफ्ट (रॅकच्या दातात अडकून क्विल वरखाली करणारा दातेरी दांडा) काढा. पण हे काढताना दोन गोष्टींची काळजी घ्याच घ्या. क्विलखाली टेबलावर लाकडाचा ठोकळा द्या, नाहीतर ती सरळ टेबलावर आपटेल. आणि बाजूच्या डब्यात जी घड्याळासारखी गुंडाळलेली पट्टीची स्प्रिंग असते तिचा डबा घट्ट धरून हळूहळू उलगडू द्या, एकदम सुटली तर बोटं कापते. पिनियन निघाल्यावर क्विल नुसती हातानं वरखाली करायची. आता मोकळी चालली तर दोष रॅकच्या दातात आहे, बहुतेक वेळा दातांच्या मुळाशी चिप्स आणि जुनं ग्रीस दगडासारखं बसलेलं असतं, ब्रश आणि रॉकेलने निघतं. तरीही जड असेल तरच क्विल बाहेर काढायची, आणि उठलेली जागा असेल तर तेवढीच ऑइल स्टोनने बसवायची, आजूबाजूला हात लावायचा नाही. खड्डा राहिला तरी चालतो, उठाव नको.

पॉलिश पेपर किंवा व्हॉल्व्हची ग्राइंडिंग पेस्ट घेऊन कुणी क्विल मोकळी करायला निघाला तर त्याला तिथेच थांबवा. पेस्टचे कण बोअरमध्ये रुततात आणि नंतर रोज थोडं थोडं घासत राहतात. आणि बाहेर कामाला द्यायचीच असेल तर जाण्याआधी क्विलचं माप वर, मधे, खाली, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना घेऊन लिहून ठेवा, फोटो काढा, नटवर स्वतः पेंटची रेघ मारा. कुठे घासत होतं ते दाखव असं सरळ विचारा. ज्याला जागा दाखवता येत नाही त्याला दोष सापडलेला नाही. परत आल्यावर तेल पुसून, लॉक पूर्ण सोडून, क्विल पूर्ण बाहेर काढून डायल लावा आणि मगच पैसे द्या. हे मी केलं असतं तर पाच मिनिटात सगळं उघड झालं असतं.

आता क्विलला खरोखरच क्रोम करावं लागणार आहे, दुसरा इलाज राहिलेला नाही. दुसऱ्या एका ग्राइंडिंगवाल्या काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी क्विल हातात घेतली, खिडकीजवळ नेऊन बघितली आणि काही न बोलता बाजूला ठेवली. म्हणाले, "आधी हेड आण, बोअर मोजू. बोअर गोल आहे का, किती झिजलाय, हे कळल्याशिवाय मी हिला हात लावणार नाही, क्विल बोअरच्या मापाला ग्राइंड करायची असते." हेड उतरवायला मला अजून दोन दिवस लागतील. क्विल सध्या माझ्याकडेच आहे, तेल लावून, कागदात गुंडाळून, उभी ठेवली आहे.