फॉरवर्ड चेनिंग की बॅकवर्ड चेनिंग?

नियमांवरून निष्कर्ष काढणारा कॉम्प्युटर प्रोग्राम या दोन पद्धतींनी विचार करू शकतो. नियम दोन्हीकडे तेच, "अमुक असेल तर तमुक" टाइप, फक्त सुरुवात कुठून करायची एवढाच फरक, पण तेवढ्यानं बरंच काही बदलतं बघा.

फॉरवर्डमध्ये हातात जी माहिती आहे तिथून निघायचं, जो नियम बसतो तो लावायचा, त्यातून नवीन काही निघालं की परत नियम बघायचे, असं काही नवीन निघायचं थांबेपर्यंत. नासात तयार झालेलं क्लिप्स, म्हणजे असे नियमांवर चालणारे प्रोग्राम बनवायचं सॉफ्टवेअर, असंच चालतं. सेन्सरचा डेटा सतत येतोय आणि नेमकं काय शोधायचंय तेच ठरलेलं नाहीये, तर हेच बरं. कटकट अशी की कुणी न विचारलेल्या गोष्टीही सिद्ध करत बसतं, आणि दर फेरीला सगळे नियम तपासणं महाग पडतं, म्हणून तर कॉम्प्युटर शास्त्रज्ञ चार्ल्स फोर्जीचा रेटे अल्गोरिदम आला, तो अर्धवट जुळलेले नियम लक्षात ठेवतो, म्हणजे दर वेळी पहिल्यापासून तपासायला नको.

बॅकवर्ड उलटं. आधी प्रश्न, मग तो खरा ठरायला काय काय लागेल ते शोधत मागे जायचं. १९७० च्या दशकातलं स्टॅनफर्डचं मायसिन, डॉक्टरांना मदत करणारा प्रोग्राम, असंच होतं, इन्फेक्शन कशाचं ते शोधताना डॉक्टरला लागतील तेवढेच प्रश्न विचारायचं, आणि "हे का विचारतोयस" म्हटलं की कुठला नियम तपासतोय तेही सांगायचं! मला तर हेच जास्त आवडतं.

१९७२ ची प्रोलॉग ही प्रोग्रामिंग भाषाही याच जातीची. फक्त तिथे "क हा ख चा पूर्वज" ठरवायच्या नियमात पहिलीच अट पुन्हा "पूर्वज" टाकली, की बसलं गोल गोल फिरत.