कर्नलचा सोर्स: टारबॉलवर पॅच चढवावेत की सरळ गिट?

लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सोर्स कोडपासून स्वतः बिल्ड (तयार) करणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न पडतो: सगळा सोर्स एकत्र बांधलेली फाइल (टारबॉल) उतरवून तिच्यावर बदलांच्या फायली (पॅच) चढवायच्या, की बदलांचा इतिहास सांभाळणारं गिट वापरायचं? मी दोन्ही करून पाहिलंय. सुरुवातीला बराच काळ टारबॉलवालाच होतो.

टारबॉलची सोय नाकारता येत नाही. कर्नलच्या ६.६ आवृत्तीची एक्सझेड (दाबून लहान केलेली) फाइल दीडशे एमबीच्या आत बसते आणि मध्येच नेट गेलं तर डाउनलोड अडलं तिथून पुढे चालू होतं. जीझेडही मिळते, पण आकाराने मोठी. बीझेड२ तर २०१३ च्या अखेरीस बंदच झाली. फाइल अस्सल आहे का हे तपासायची डिजिटल सही मात्र आतल्या, न दाबलेल्या टारची असते, एक्सझेडची नाही. हे माहीत नसल्याने मी चांगली फाइल खराब समजून दोनदा उतरवली होती.

पण माझं मन उडालं ते पॅचमुळे. ६.६.९ चा पॅच ६.६.८ वर चढत नाही, तो मूळ ६.६ वर चढतो. म्हणजे आधी ६.६.८ चा पॅच उलटा लावून काढायचा, मग नवा चढवायचा. एका रात्री झोपेच्या भरात मी काढायचा विसरलो. पॅच लावणारी कमांड विचारायला लागली, ‘हा आधीच लागलेला दिसतो, उलटा धरू का?’ मी आपला ‘वाय’ दाबत गेलो. काही फायलींतल्या दुरुस्त्या निघाल्या, काहींच्या शेजारी न लागलेल्या बदलांच्या .रेज फायली उगवल्या आणि ६.६.८ मध्ये नव्याने आलेल्या फायली चक्क पुसल्या गेल्या. बिल्ड पडला तो पाऊण तासाने. सोर्सचं अख्खं फोल्डर उडवलं आणि टारबॉल पुन्हा पहिल्यापासून उघडला.

एका आवृत्तीवरून लगेच पुढच्या आवृत्तीवर नेणारे छोटे पॅचही असतात, ‘इंक्र’ फोल्डरमध्ये. ते बरे, पण महिनाभर लक्ष दिलं नाही की ओळीने चार-पाच लावत बसा. त्यात टचपॅडसाठी माझा स्वतःचा दोन ओळींचा पॅच. तो कधी काढायचा, कधी लावायचा, हे मी कागदावर लिहून ठेवायचो!

गिटमध्ये तो पॅच माझ्या ब्रँचवर, म्हणजे माझ्या वेगळ्या शाखेत असतो. नवा टॅग (नव्या आवृत्तीची खूण) आणला, त्यावर रीबेस केलं, म्हणजे माझा बदल त्यावर पुन्हा चढवला, झालं. कुठली दुरुस्ती लागलीय याची आठवण मला ठेवावी लागत नाही.

गिटचं दुखणं पहिल्या क्लोनचं, म्हणजे सगळा सोर्स इतिहासासकट उतरवून घेण्याचं. पूर्ण इतिहास काही जीबींचा असतो आणि क्लोन अर्ध्यात तुटला की पुन्हा श्रीगणेशा. नेट कच्चं असेल तर कर्नल डॉट ऑर्ग या कर्नलच्या साइटवर क्लोनचे बंडल (सगळं एका फाइलीत बांधलेलं) मिळतात. ते साध्या फाइलीसारखे थांबत-थांबत उतरवता येतात. इतिहास नकोच असेल तर डेप्थ एक ठेवून, म्हणजे फक्त शेवटची स्थिती घेऊन, क्लोन करा.

एकदाच बिल्ड करून विसरणार असाल तर टारबॉल घ्या, माझी काही हरकत नाही. फक्त पुढची आवृत्ती हवी झाली की पॅचच्या नादी न लागता तिचाही अख्खा टारबॉलच उतरवा.