कॉवर्डच्या संगीतिका: आधी 'बिटर स्वीट' की 'सेल अवे'?

इंग्रज नाटककार नोएल कॉवर्डची 'प्रायव्हेट लाइव्ह्ज' किंवा 'ब्लाइद स्पिरिट' ही नाटकं बऱ्याच जणांनी वाचलेली असतात, पण त्याच्या संगीतिकांना हात कुठून घालायचा हे चटकन कळत नाही. माझ्या मते सुरुवातीला निवड दोनच कलाकृतींत करावी. संहिता, गीतं, संगीत आणि दिग्दर्शन ही चारही कामं या दोन्हींत त्याचीच. गंमत म्हणजे या माणसाला स्वरलेखन धड येत नसे. तो पियानोवर चाल वाजवायचा आणि एल्सी एप्रिलसारखे जाणकार ती कागदावर उतरवायचे.

'बिटर स्वीट' 1929 ची. लंडनच्या हिज मॅजेस्टीज थिएटरात तिचे 697 प्रयोग झाले. म्हातारी लेडी शेन आपलं तरुणपण आठवते आणि गोष्ट 1875 सालात मागे जाते. तेव्हाची ही सारा ठरलेलं लग्न मोडून गाण्याचे मास्तर कार्ल लिंडन यांच्याबरोबर व्हिएन्नाला पळून जाते. तिथे एका लष्करी अधिकाऱ्याशी झालेल्या द्वंद्वात कार्ल मारला जातो. कथानक बेताचंच आहे, त्यासाठी कुणी ही ऐकू नये. ऐकायचं ते 'आय विल सी यू अगेन'. हे गाणं सुरू होतं शिकवणीत. मास्तर सूर देतात, शिष्या तो उचलते आणि पाहता पाहता दोघांच्याही लक्षात येतं की हा काही नुसता रियाज राहिलेला नाही. पुढे तोच वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या नृत्यलयीतली चाल) पुन्हा येतो तेव्हा चाल तीच असते, पण ऐकणारा बदललेला असतो. ही चाल म्हणे कॉवर्डला न्यूयॉर्कमध्ये टॅक्सी रहदारीत अडकलेली असताना सुचली!

दुसरं मोठं गाणं, 'इफ लव्ह वेअर ऑल', नायिकेच्या वाट्याला आलेलंच नाही. ते कॅफेत गाणाऱ्या मॅनॉनचं आहे. आपल्याकडे असलंच तर लोकांना रिझवण्याची थोडी हातोटी आहे, असं ती त्यात म्हणते. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या कॉवर्डच्या स्मृतिशिलेवर तेच शब्द कोरलेत.

'सेल अवे' 1961 मध्ये ब्रॉडवेवर आली. पर्यटकांनी भरलेलं जहाज आणि त्यांची सरबराई करून वैतागलेली होस्टेस मिमी पॅरागॉन. मिमीच्या भूमिकेत होती एलेन स्ट्रिच. मुळात यात दोन नायिका होत्या. दुसरी, दुःखी आणि प्रेमात पडणारी, एका ऑपेरा गायिकेकडे होती. ब्रॉडवेआधीच्या प्रयोगांत तो भाग पडतोय हे दिसलं तेव्हा कॉवर्डने ती भूमिकाच काढून टाकली आणि तिचं प्रेमप्रकरण मिमीला देऊन टाकलं. म्हणजे 'बिटर स्वीट'चा जो आवाज होता, तोच त्याने स्वतःच्या हाताने जहाजावरून उतरवला. उरली ती तिरकस जीभ. 'व्हाय डू द राँग पीपल ट्रॅव्हल'मध्ये प्रवासी वर्गाची जी हजेरी घेतलीय, ती आजच्या कुठल्याही सहलीला लागू पडेल. शीर्षकगीत मात्र नवं नाही, 1950 च्या त्याच्याच 'एस ऑफ क्लब्ज' या संगीतिकेतून उचललेलं आहे. ब्रॉडवेवर 167 प्रयोगांत गाशा गुंडाळावा लागला, लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात 252 झाले.

नाट्यपदासाठी गोष्ट थांबली तरी कुरकुर न करणारा कान असेल, तर 'बिटर स्वीट' घ्या. व्हॅलेरी मास्टरसनने सारा गायलेलं 1988 चं ध्वनिमुद्रण चांगलं आहे. कॉवर्डच्या संवादांवर जीव असेल तर 'सेल अवे' आधी. शब्द भरभर येतात, त्यामुळे पहिल्या खेपेला गीतं समोर ठेवून ऐकलेलं बरं. हौशी संस्थेसाठी शोधत असाल तर माझं मत सरळ 'सेल अवे'ला. कसलेली सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी गायिका, मिळाली नाही तर 'बिटर स्वीट' पहिल्याच अंकात बसते. मिमीला मात्र आवाज जेमतेम असला तरी चालतो, टायमिंग हवं.

कॉवर्डच्या बाकीच्या संगीतिकांपैकी 'कॉन्व्हर्सेशन पीस' नंतर कधीतरी 'सीक्रेट हार्ट'च्या गाण्यापुरती ऐका. 'पॅसिफिक 1860' तूर्त राहू द्या.