सीपी/एमसाठी ६५०२ की ६८००८?

गॅरी किल्डॉल यांनी १९७४मध्ये ८०८० या प्रोसेसरसाठी लिहिलेली सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम निराळ्या जातीच्या प्रोसेसरवर, तीही घरी जोडलेल्या बोर्डावर चालवायची असे ज्यांनी ठरवले आहे, त्यांच्यापुढे मुख्यतः दोन वाटा आहेत. ६५०२ घेऊन अलीकडची मुक्तस्रोत सीपी/एम-६५ बसवायची, किंवा ६८००८ घेऊन डिजिटल रिसर्च या किल्डॉल यांच्या कंपनीची मूळ सीपी/एम-६८के. मी दोन्ही बोर्ड जोडले आहेत, आणि ८०८०चे जुने प्रोग्रॅम दोन्हींवर तसेच्या तसे चालत नाहीत हे वाचकांना ठाऊक आहे असे गृहीत धरतो.

कागदावर पाहिले तर ६८००८चे पारडे जड वाटते. बीडॉस, म्हणजे प्रोग्रॅमना फाइली आणि टर्मिनलच्या सेवा देणारा गाभा, बहुतांशी सी भाषेत लिहिलेले आहे, फंक्शनचा क्रमांक डी० या रजिस्टरमध्ये आणि पत्ता डी१मध्ये ठेवून ट्रॅप २ ही सूचना दिली की काम होते, आणि एक मेगाबाइटपर्यंत सरळ, सलग मेमरी मिळते. मूळ संचात सी कंपायलरही आहे. हक्कधारकांनी २०२२मध्ये वापराची परवानगी सर्वांसाठी असल्याचे स्पष्ट केल्यामुळे परवान्याची चिंताही उरलेली नाही. आपण लिहायचे ते फक्त बायॉस, म्हणजे प्रत्यक्ष हार्डवेअरशी बोलणारा भाग.

६५०२वर याउलट मूळ रचनाच मोडावी लागते. सीपी/एमचे प्रोग्रॅम हेक्स ०१०० या पत्त्यापासून सुरू होतात आणि नेमके तेच पान, म्हणजे मेमरीचा २५६ बाइटचा तुकडा, ६५०२ने स्टॅकसाठी (परतीचे पत्ते ठेवण्याच्या जागेसाठी) राखून ठेवले आहे. शिवाय पत्ता मावेल असे सोळा बिटांचे रजिस्टर नाही, त्यामुळे पत्ते झीरो पेजमधूनच, म्हणजे मेमरीच्या पहिल्या २५६ बाइटांमधूनच, हाताळावे लागतात. यावर सीपी/एम-६५ने काढलेला मार्ग मला फार सुबक वाटतो. प्रोग्रॅम कोणत्याही पानाच्या आरंभी चढतो, त्यामुळे पत्त्याचा खालचा बाइट तसाच राहतो आणि चढवताना केवळ वरचा बाइट दुरुस्त करावा लागतो. झीरो पेजचे पत्तेही त्याच वेळी सरकवले जातात. मात्र तयार सॉफ्टवेअर मोजकेच आहे, आणि सी लिहायचे तर कंपायलर आजच्या संगणकावर चालवावा लागतो.

माझा निर्णय मात्र यांपैकी कशावरही झाला नाही, तो रीसेटवर, म्हणजे प्रोसेसर सुरू होतानाच्या वागण्यावर, झाला. ६८००८ सुरू होताच शून्य पत्त्यापासून आठ बाइट वाचतो, चार स्टॅकच्या पत्त्याचे आणि चार पहिल्या सूचनेच्या पत्त्याचे; म्हणजे तिथे वीज गेली तरी मजकूर टिकवणारी रॉम हवी. पण सीपी/एम-६८के ट्रॅपचे पत्ते त्याच तळाच्या एक किलोबाइटमध्ये स्वतः लिहिते. म्हणजे तिथे लिहिता येणारी रॅमही हवी. यावरचा रूढ उपाय म्हणजे ७४एलएस१६४ हे शिफ्ट रजिस्टर: ते ॲड्रेस स्ट्रोबचे, म्हणजे प्रोसेसर मेमरीच्या प्रत्येक वाचनाला देतो त्या संकेताचे, आठ ठोके मोजते, तोवर तळाशी रॉम दिसते आणि नंतर रॅम. माझ्या बोर्डावर स्ट्रोबची तार जरा लांब होती आणि तिच्यावरच्या गोंगाटामुळे कधीमधी एखादा ठोका जास्त मोजला जाई. मग अर्धा पत्ता रॉममधून, अर्धा रॅममधल्या कचऱ्यातून, आणि टर्मिनल गप्प. तार आखूड करून एक लहानसा रेझिस्टर घातल्यावर हा प्रकार थांबला, तरी बायॉस लिहिताना टर्मिनल गप्प झाले की दोष माझ्या कोडचा की त्या आठ ठोक्यांचा, ही शंका काही केल्या जाईना. ८०८०ही शून्यापासूनच सुरू होतो, त्यामुळे सीपी/एमच्या मूळ यंत्रांनाही अशाच युक्त्या कराव्या लागत. ६८००८ घेतला की ती जुनी कटकट नव्या प्रोसेसरवरही आपल्याबरोबर येते.

६५०२ आपला आरंभाचा पत्ता एफएफएफसीपासून, म्हणजे मेमरीच्या अगदी माथ्यावरून घेतो. रॉम वर, रॅम खाली, मध्ये पत्ता पाहून चिप निवडणारा एक साधा डिकोडर, आणि मोजायचे काहीच नाही. टर्मिनल गप्प झाले तर मी थेट कोड उघडतो.

हा माझ्या बोर्डांचा अनुभव आहे, सार्वत्रिक निष्कर्ष नव्हे. ६८००८चा तयार, तपासलेला बोर्ड हाती येत असेल तर ही तक्रार बरीचशी गैरलागू ठरते, आणि यंत्रावरच सी लिहायची हौस असणाऱ्यांनी तोच घेणे कदाचित अधिक योग्य. परंतु सर्किटही स्वतःच जोडणार आणि बायॉसही स्वतःच लिहिणार असाल, तर मी ६५०२पासून सुरुवात करण्याचे सुचवीन, आणि त्यातही आधी कन्सोलची रूटीन, मग डिस्कची.