कार्टर की गलिव्हर?

अठराव्या शतकातल्या इंग्लंडच्या किनाऱ्यावरचा एकच स्मगलर नीट वाचायचा म्हटलं, की गाडी बहुधा दोन नावांवर येते: कॉर्नवॉलमधल्या प्रशिया कोव्हचा जॉन कार्टर आणि डॉर्सेटचा आयझॅक गलिव्हर. (रक्तपातच हवा असेल तर हॉकहर्स्ट टोळी आहे. १७४७ मध्ये त्यांनी पूल नावाच्या बंदरातलं जकातघर फोडलं आणि पुढे गॅली हा जकात अधिकारी व चेटर हा साक्षीदार या दोघांचे जे हाल करून जीव घेतले, ते मला तरी सलग वाचवले नाहीत.)

रुबाबात गलिव्हर सरस. १७८२ ची माफी, मग जमीनजुमला, १८२२ मध्ये विम्बोर्नला सुखासुखी मरण आणि तिथल्याच मोठ्या चर्चमध्ये दफन. तोंडाला पावडर फासून शवपेटीत पडून राहिला आणि अधिकाऱ्यांना हात हलवत परत पाठवलं, ही गोष्ट तर कुणालाही सांगावी. पण पुरावा शोधायला गेलं की हाती लागतं ते गावगप्पांचं गाठोडं. माफी कशी मिळाली? एक म्हणतो नौदलाला माणसं पुरवून, दुसरा म्हणतो राजाचा जीव वाचवून. त्याचं स्वतःचं म्हणणं मला कुठेच सापडलं नाही, आणि तिथेच माझं मन उडालं.

कार्टरच्याही दंतकथा आहेतच. पेन्झन्सच्या जकात गोदामातून त्याने फक्त स्वतःचा जप्त माल उचलला, गिऱ्हाइकाला शब्द दिला होता म्हणून, ही त्यातलीच. पण त्याच्या पाठीशी धाकटा भाऊ हॅरी आहे आणि हॅरीने लिहून ठेवलंय; ते १८९४ मध्ये छापलं गेलं. १७८८ मध्ये कॉसंड गावाजवळ नौदलाच्या माणसांनी हॅरीच्या जहाजावर चढून तलवारी चालवल्या. नाक कापलेलं, कवटी फुटलेली, अशा अवस्थेत तो डेकवर मेल्यासारखा पडून राहिला; त्यांना तो मेलाच वाटला. मग सरपटत कडेला गेला आणि पाण्यात उतरला. डोक्यावर तीनशे पौंडांचं इनाम लागलं, तेव्हा अमेरिका गाठली.

हॅरी पुढे मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचा कट्टर अनुयायी झाला, त्यामुळे मालाच्या हिशेबापेक्षा आत्म्याचाच हिशेब जास्त, आणि थोरल्या भावाबद्दल हात आखडता. तरी मला तो चालला. भक्तीचा कंटाळा येत असेल, तर मात्र तुम्हाला गलिव्हरच बरा.